स्वराखालची रेघ

खानदेशांतील घरांत गाण्यांची वाण कधींच नव्हती. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईचीं गाणीं, श्रावणांत कानबाईचीं, आखाजीला झोक्यावरचीं, आणि बारा महिने देवघरांतल्या भूपाळ्या, आरत्या व स्तोत्रें. जळगांव, धुळें, अमळनेर, भुसावळ, कोठेंहि जा. एखाद्या वडीलधाऱ्या बाईच्या कंठांत हा ठेवा सांपडतोच. शब्दांच्या वह्याहि पुष्कळ घरीं निघतात. चाल मात्र वहींत नसते. ती त्या बाईच्या गळ्यांत असते, आणि गळा हा कांहीं पेटीसारखा वारशानें देतां येत नाहीं.

वेळेवर लिहून ठेवण्याचें मोल खानदेशाला कोणी नव्यानें सांगावयास नको. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव व एक नातलग ह्यांनीं उतरून घेतल्या, आणि १९५२ सालीं त्यांचें पुस्तक झालें. ती लेखणी उचलली गेली नसती, तर आज जळगांवच्या विद्यापीठास ज्या कवयित्रीचें नांव आहे, ती कवयित्री महाराष्ट्रास ठाऊकहि झाली नसती. शब्दांना बाळबोध लिपि पुरते. चालीला मात्र स्वरलिपि लागते.

आतां घरोघर संगणक आहेत, आणि ज्यांनीं गायनाच्या परीक्षा दिल्या आहेत अशा सुना-मुलीहि पुष्कळ घरांत आहेत. सासूबाई गातात, सून पेटीवर स्वर शोधते, नातू ते टंकतो, आणि फाईल पुण्यास किंवा परदेशीं असलेल्या भावंडांकडे जाते. येथवर सर्व ठीक होतें. परंतु तिकडे फाईल उघडली म्हणजे कोठें स्वराखालची रेघ नाहींशी झालेली असते, कोठें टिंब शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेलें असतें, कोठें अक्षराच्या जागीं रिकामी चौकट, तर कोठें ठिपक्याठिपक्यांचें एक वर्तुळ दिसतें. अशा वेळीं “संगणकच बिघडला” असें म्हणून आपण तो नाद सोडून देतों. वास्तविक बिघाड थोडा असतो, आणि तो कोठें आहे हें शोधण्याची रीत ठरलेली आहे. ती रीत कोणासहि समजेल अशा भाषेंत सांगावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

एका रेघेची किंमत

प्रथम ही रेघ गेल्यानें नुकसान काय होतें, तें पाहूं. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) ह्यांनीं हिंदुस्थानी रागांची व्यवस्था दहा थाटांत लावली: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. ह्या दहाहि थाटांत सात स्वरांचीं नांवें तींच आहेत. फरक एवढाच कीं कोणत्या स्वराखालीं कोमलाची आडवी रेघ आहे, आणि मध्यमावर तीव्राची उभी रेघ आहे कीं नाहीं. बिलावलांत एकहि रेघ नाहीं. म्हणून कागदावरच्या सर्व रेघा पुसल्या, तर दहाचे दहा थाट बिलावल होतात. भैरवींत रिषभ, गंधार, धैवत व निषाद असे चार स्वर कोमल. त्या चार रेघा गेल्या कीं भैरवी संपली. कल्याणाला एका मध्यमावरची उभी रेघ काय ती वेगळेपण देते. ती गेली कीं सायंकाळचा यमन उरला नाहीं.

यांतील खरा धोका निराळाच आहे. पान फाटलें तर तें फाटलेलें दिसतें. रेघ गळालेलें पान मात्र अगदीं नीटनेटकें दिसतें. परदेशीं वाढलेली नात तें पुढें ठेवून पेटी वाजवते, स्वर शुद्ध वाजतात, आणि आजीची भूपाळी अशीच होती अशी तिची खात्री होते. पुढें आजी नसली म्हणजे चूक दाखवणारें कोणी राहत नाहीं. धुळ्यास १९२७ सालीं स्थापन झालेलें राजवाडे संशोधन मंडळ आहे, शंकर श्रीकृष्ण देवांनीं जमवलेल्या रामदासी पोथ्यांचें समर्थ वाग्देवता मंदिर आहे. जुनीं हस्तलिखितें हाताळणाऱ्या मंडळींना ही गोष्ट चांगली ठाऊक असते: नक्कल करतांना गळलेली मात्रा पुढच्या प्रत्येक नकलेंत गळलेलीच राहते. संगणक हा फार जलद नक्कलकार आहे, इतकेंच.

चिन्हें दोन घराण्यांचीं

महाराष्ट्रांत स्वरलिपीच्या दोन पद्धति चालतात. एक भातखंडे ह्यांची. दुसरी पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) ह्यांची, ज्यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें. दोघेहि विष्णु, दोघेहि महाराष्ट्रीय, आणि दोघांचीं चिन्हें मात्र एकमेकांशीं भांडणारीं. भातखंडे पद्धतींत स्वराखालीं टिंब असेल तर तो स्वर मंद्र सप्तकांतला, आणि वर टिंब असेल तर तार सप्तकांतला. आज प्रचलित असलेल्या पलुसकर पद्धतींत वरचें टिंब मंद्राचें आहे. तार स्वराला डोक्यावर उभी रेघ देतात. भातखंडे पद्धतींत उभी रेघ तीव्र मध्यमाची. कोमल स्वराला भातखंडे खालीं आडवी रेघ ओढतात. पलुसकर पद्धतींत पाय मोडल्याची खूण करतात. समेला एकीकडे फुली आणि खालीला शून्य. दुसरीकडे समेला एकाचा आंकडा आणि खालीला अधिकाचें चिन्ह.

म्हणून पुष्कळदां संगणकाकडे कांहींच दोष नसतो. चिन्ह जसें लिहिलें तसेंच उमटलेलें असतें, वाचणारा दुसऱ्या घराण्याचा असतो. एकाच्या तार षड्जाला दुसरा मंद्र समजतो आणि दोन सप्तकें खालीं उतरतो. यास्तव पहिला नियम असा कीं प्रत्येक पानाच्या माथ्यावर पद्धतीचें नांव लिहावें, आणि वापरलेल्या प्रत्येक चिन्हाचा अर्थ शब्दांनीं द्यावा. “खालीं रेघ: कोमल. वर उभी रेघ: तीव्र. खालीं टिंब: मंद्र. वर टिंब: तार.” ह्या चार वाक्यांस एक ओळ पुरते, आणि चिन्हें पुढें कितीहि बिघडलीं तरी तपासणीस आधार राहतो.

वेदपाठकांची मदत

अक्षराच्या खालीं रेघ आणि वर रेघ हें दृश्य आपल्या घरांतून नवें नाहीं. ऋग्वेदाच्या छापील संहितेंत अनुदात्ताखालीं आडवी रेघ असते, स्वरिताच्या डोक्यावर उभी रेघ असते, आणि उदात्त बिनखुणेचा राहतो. जगांतील सर्व लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठीं एकेक क्रमांक देणारी जी युनिकोड नांवाची व्यवस्था आहे, तिनें देवनागरीच्या मूळ कोष्टकांतच ह्या दोन वैदिक खुणांना जागा दिली. वरच्या उभ्या रेघेला तेथें “उदात्त” असें नांव पडलें आहे, जरी ऋग्वेदी रीतीप्रमाणें ती स्वरिताची खूण आहे. पण नांवाशीं आपल्याला काय करावयाचें आहे? पुढें २००९ सालीं वैदिक चिन्हांचें एक स्वतंत्र कोष्टकहि त्या व्यवस्थेंत आलें.

संगीत लिहिणाऱ्यास ह्याचा मोठा उपयोग आहे. कोमल गंधारासाठीं ग हें अक्षर लिहून त्यास अनुदात्ताची खूण जोडावी: ग॒. तीव्र मध्यमासाठीं म लिहून वरची उभी खूण जोडावी: म॑. हीं चिन्हें देवनागरीचींच असल्यामुळें देवनागरीचे बहुतेक चांगले फाँट तीं जाणतात. कळफलकावर तीं सहसा सांपडत नाहींत. विशेष चिन्हांच्या तक्त्यांतून एकदां उचलून एका कोऱ्या पानावर ठेवावीं, आणि लागतील तशीं तेथून घ्यावीं.

मात्र टिंबाच्या बाबतींत तीन फसगती आहेत, आणि त्या मराठी लिहिणाऱ्यासच विशेष होतात.

पहिली फसगत नुक्त्याची. मंद्र सप्तकाचें खालचें टिंब म्हणून पुष्कळ लोक नुक्ता टंकतात. डोळ्यास तें बरोबर दिसतें. परंतु संगणकाच्या लेखीं ग आणि नुक्ता मिळून फारसी शब्दांतलें ग़ हें निराळेंच अक्षर होतें. रिषभाचें तर आणखी मौजेचें. र ला नुक्ता दिला कीं “दऱ्या” आणि “सुऱ्या” ह्या शब्दांतला आपला ऱ तयार होतो. संगणकाला मंद्र रिषभ आणि हा ऱ ह्यांत भेद करतांच येत नाहीं. म्हणून नंतर फाईलींत शोधाशोध करतांना घोटाळा होतो.

दुसरी फसगत अनुस्वाराची. तार षड्जासाठीं “सां” लिहिण्याचा प्रघात आहे, आणि तो सोपा असल्यामुळें टिकूनहि राहील. पण गाण्याचे शब्द खालीं आणि स्वर वर अशा मांडणींत अनुस्वार कोणता आणि तार सप्तकाचें टिंब कोणतें, हें नवख्याला कळत नाहीं. स्वरांची ओळ आणि शब्दांची ओळ ह्यांचा आकार किंवा रंग वेगळा ठेवला म्हणजे हा प्रश्न सुटतो.

तिसरी फसगत पलुसकर पद्धतीच्या मंडळींची. त्यांचा कोमल गंधार म्हणजे पाय मोडलेला ग्. त्यापुढें लगेच रे टंकला कीं दोन्ही स्वर एकमेकांत मिसळतात आणि कागदावर “ग्रे” असें जोडाक्षर उमटतें! दोन स्वरांमध्यें मोकळी जागा सोडावी, अगर अक्षरें जुळूं न देणारें जें अदृश्य चिन्ह युनिकोडांत आहे तें मध्यें घालावें. पहिला उपाय घरांत कोणालाहि करतां येण्यासारखा आहे.

तीन प्रश्न, ह्याच क्रमानें

चिन्ह दिसत नसलें म्हणजे लोक एकदम फाँट बदलूं लागतात, प्रोग्रॅम पुन्हा बसवतात, नाहीं तर मुद्रणयंत्राला दोष देतात. वैद्य जसा आधीं नाडी पाहतो, तसे येथें तीन प्रश्न क्रमानें विचारावे. पुष्कळ वेळां पहिल्याच प्रश्नास उत्तर मिळतें.

पहिला प्रश्न: चिन्ह लिहिलेलें आहे, कीं नुसतें नेसवलेलें आहे? अक्षर निवडून अधोरेखनाचें बटन दाबलें म्हणजे जी रेघ येते ती अक्षराचा भाग नसते. तें त्याचें वस्त्र असतें. तोच मजकूर साध्या संदेशांत किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमांत चिकटवला कीं वस्त्र उतरतें आणि कोमल स्वर शुद्ध होतो. परीक्षा सोपी आहे. एक ओळ उचलून संगणकावरच्या साध्या टिपणवहींत, म्हणजे नोटपॅडांत, चिकटवावी. रेघ टिकली तर चिन्ह खरें. रेघ गेली तर ती मुळांतच नव्हती, आणि सर्व कोमल स्वर वर सांगितलेल्या अनुदात्ताच्या खुणेनें पुन्हा लिहावे लागतील. हें काम कंटाळवाणें आहे खरें, पण एकदांच करावयाचें असतें.

दुसरा प्रश्न: हें चिन्ह त्या फाँटांत आहे काय? छापखान्यांत जुळारी खिळे जुळवीत असे. एखादा खिळा घरांतल्या खणांत नसला तर ती जागा रिकामी राही. फाँट हा तसाच खिळ्यांचा खण आहे. ज्या अक्षराचा खिळा त्यांत नाहीं, त्याच्या जागीं रिकामी चौकट उमटते. अशा चौकटींना परभाषेंतील संगणकी मंडळी “टोफू” म्हणतात, आणि त्या कोठेंच दिसूं नयेत ह्या हेतूनें गूगलनें जे विनामूल्य फाँट काढले त्यांचें नांवच “नोटो” ठेविलें. चौकट दिसली कीं नोटोचा देवनागरी फाँट किंवा विंडोजबरोबर येणारा मंगल लावून पाहावा. चौकट गेली तर दोष खणाचा होता, लिहिणाराचा नव्हे.

ठिपक्यांचें वर्तुळ मात्र निराळें दुखणें सांगतें. तें दिसलें कीं समजावें, फाँट ठीक आहे, पण चिन्हांचा क्रम चुकला. देवनागरींत आधीं व्यंजन, मग काना-मात्रा, आणि शेवटीं वैदिक रेघ, असा क्रम आहे. नुक्त्याचा क्रम ह्याच्या उलट: तो व्यंजनाला लागूनच यावा लागतो, मात्रा त्यानंतर. म्हणून कोमल निषाद लिहितांना न, मग वेलांटी, मग रेघ. आणि नुक्ता वापरून मंद्र निषाद लिहितांना न, मग नुक्ता, मग वेलांटी. क्रम उलटा झाला कीं संगणकाला तें चिन्ह कोणाच्या आधारानें बसवावें हें कळत नाहीं, आणि तो रिकाम्या आसनासारखें तें ठिपक्यांचें वर्तुळ मांडतो. अक्षर पुसून योग्य क्रमानें लिहिलें कीं काम झालें. कोमल आणि मंद्र असे दोन्ही गुण एका स्वरांत आले म्हणजे रेघ व टिंब एकमेकांवर चढतात. तेथें अक्षर मोठें करून ओळींतलें अंतर वाढवावें. वरच्या खुणांचीं डोकीं कापलीं जात असलीं तरी हाच उपाय.

तिसरा प्रश्न: चिन्ह वाटेंत कोठें गळलें? आपल्या पडद्यावर ठीक, आणि दुसरीकडे बिघडलेलें, असें असेल तर प्रवासाचा दोष. फाईल उघडणाऱ्याकडे आपला फाँट नसतो. विशेषतः युनिकोड रूढ होण्यापूर्वींच्या मराठी फाईलींत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असत. त्या फाँटावांचून अशी फाईल उघडली कीं रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. घरांत अशा जुन्या फाईली असल्या तर मूळ फाँट जिवंत आहे तोंवरच त्या कागदावर छापून घ्याव्या, आणि मग सवडीनें युनिकोडांत उतरवाव्या. नवी फाईल पाठवतांना तिच्यासोबत पीडीएफ प्रत पाठवावी, कारण तींत बहुधा फाँट बरोबरच बांधून दिलेला असतो. पाठवण्यापूर्वीं ती घरांतल्या दुसऱ्याच्या फोनवर एकदां उघडून पाहावी.

आणखी एक सूचना मांडणीची. स्वरलिपि ही तालाच्या घरांत बसलेली असते. त्रितालाच्या सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग. पहिल्या, पांचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्यावर खाली. हीं घरें मोकळ्या जागा मारून पाडलीं तर फाँट बदलतांच सर्व स्वर सरकतात, आणि सम भलत्याच स्वरावर येते. कोष्टक आंखून एका घरांत एक मात्रा लिहावी. एका मात्रेंत दोन स्वर असतील तर दोन्ही त्याच घरांत लिहावे. म्हणजे खालच्या कंसाकृति खुणेवर अवलंबून राहावें लागत नाहीं.

पेटीवरचे संघात आणि त्यांचीं नांवें

आतांच्या मुलांचा एक वेगळा प्रश्न आहे. ती कीबोर्ड किंवा गिटार शिकतात, आणि त्यांना आजीच्या भजनाला कॉर्ड लावावयाच्या असतात. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेला स्वरांचा संघात. सा, ग, प एकदम दाबले कीं मेजर कॉर्ड झाली. त्यांतला गंधार कोमल केला कीं मायनर. साध्या भजनास सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे हे तीन संघात बहुधा पुरतात. पांढरी एक हा षड्ज धरला तर त्यांचीं पाश्चात्त्य नांवें सी, एफ आणि जी.

हीं नांवें स्वरांच्या ओळीवर लिहिण्यासाठीं म्यूझस्कोर नांवाचा विनामूल्य प्रोग्रॅम पुष्कळ विद्यार्थी वापरतात. तेथेंहि तक्रारी त्याच, आणि त्यांचें मूळहि तेंच: दिसणें एक, असणें दुसरें. कॉर्डचें नांव साध्या मजकुराच्या खुणेनें लिहिलें तर डोळ्यास तें कॉर्डसारखेंच दिसतें, परंतु प्रोग्रॅमाला तो निव्वळ शब्द वाटतो. गाणें पांढरी एकवरून काळी एकवर नेलें म्हणजे सर्व स्वर सरकतात आणि हा शब्द जागच्या जागीं राहतो. वाजवणारा मग जुन्या पट्टीची कॉर्ड नव्या पट्टींत वाजवतो. उपाय असा कीं स्वर निवडून कंट्रोल व के हीं बटनें एकदम दाबावीं आणि उघडणाऱ्या जागीं नांव लिहावें. असें लिहिलेलें नांव प्रोग्रॅमाला समजतें आणि पट्टीबरोबर बदलतें. तीव्रतेचें व कोमलतेचें खरें चिन्ह कोठून तरी आणून चिकटवण्याचा खटाटोप करूं नये. शार्पसाठीं कळफलकावरची हॅशची खूण आणि फ्लॅटसाठीं लहान बी टंकावें. बाहेर येतांच योग्य चिन्ह आपोआप उमटतें.

बी ह्या कॉर्डच्या जागीं एच उमटूं लागलें तर गोंधळून जाऊं नये. जर्मन परंपरेंत आपल्या बी स्वराला एच म्हणतात आणि बी हें नांव बी फ्लॅटला देतात. शैलीच्या पानावर कॉर्डच्या नांवांची जर्मन पद्धत निवडली गेली असेल, ती बदलून साधी करावी. क्लॅरिनेटच्या ओळीवर सीच्या जागीं डी दिसत असेल तर तीहि चूक नव्हे. बँडमधलें नेहमींचें क्लॅरिनेट बी फ्लॅटचें असतें. त्याचा लेखी स्वर ऐकूं येणाऱ्या स्वराहून एक पूर्ण स्वर वर असतो. कॉन्सर्ट पिच नांवाचें बटन दाबलें कीं सर्व वाद्यांचीं नांवें एका पट्टींत दिसतात.

संगीताच्या प्रोग्रॅमांतील चिन्हें उचलून साध्या पत्रांत चिकटवलीं कीं चौकटी दिसतात, ह्याचेंहि कारण आहे. २०१३ सालीं स्टाईनबर्ग कंपनीनें संगीतचिन्हांच्या फाँटांसाठीं स्मफल नांवाची एक सामायिक व्यवस्था मांडली. तींतील चिन्हें युनिकोडांत खाजगी वापरास राखलेल्या जागांवर बसवलेलीं आहेत. त्या जागीं काय आहे हें संगीताच्या फाँटालाच ठाऊक. पत्राच्या फाँटाला तेथें कांहीं सांपडत नाहीं. म्हणून असा भाग पत्रांत घालावयाचा झाल्यास त्याचें चित्र करून घालावें.

पेटीच्या पट्टीविषयीं एक शब्द. काळी एक हा षड्ज धरला तर तेच तीन संघात सी शार्प, एफ शार्प व जी शार्प ह्या नांवांनीं येतात, किंवा डी फ्लॅट, जी फ्लॅट व ए फ्लॅट ह्या नांवांनीं. पट्ट्या त्याच, बोटें तींच, नांवें मात्र दोन. एका गाण्यांत एकच नांवमालिका ठेवावी. आणि पानाच्या माथ्यावर “षड्ज: काळी एक” असें मराठींत लिहावें, तें घरांतील सर्वांना कळतें.

कागद आणि कंठ

यावर कोणी म्हणेल, गाणें का कागदावरून येतें? बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस (१८८८–१९६७), लहानपणीं जळगांवांत मेहबूबखांजवळ गाणें शिकले, तें समोर बसूनच. आक्षेप खरा आहे. भुलाबाईच्या गाण्यांतला हेल, झोक्याच्या गतीबरोबर लांबणारा शेवटचा स्वर, आरतीच्या चढत्या लयींतली उभारी, हें स्वरलिपींत पुरतें उतरत नाहीं. म्हणून लिहिलेल्या पानाबरोबर आजीच्या आवाजाचें ध्वनिमुद्रणहि ठेवावें. परंतु नुसतें ध्वनिमुद्रणहि पुरत नाहीं. थकलेला आवाज मध्येंच कापतो, श्वास तुटतो, सप्तक बदलतें. तेथें गाणारीला कोणता स्वर अभिप्रेत होता, हें समोर बसून विचारणारा आणि लिहून ठेवणाराच सांगूं शकतो. आवाज आणि लेख ह्या दोहोंनीं एकमेकांची साक्ष द्यावी.

आणि शेवटची तपासणी यंत्रानें करावयाचीच नाहीं. पान पुरें झालें कीं ज्या मुलीनें तें गाणें कधीं ऐकलें नाहीं, तिच्या हातीं तें द्यावें. तिनें त्या पानावरूनच पेटीवर चाल वाजवावी आणि आजींनीं ऐकावें. “अग, असें नव्हे,” असें त्या जेथें म्हणतील, तेथें एक रेघ किंवा एक टिंब गळालेलें आहे असें खुशाल समजावें. ही परीक्षा कोणताहि प्रोग्रॅम घेऊं शकत नाहीं, आणि ती घेणारी परीक्षक प्रत्येक घरीं कायमची नसते.

येत्या भाद्रपदांत घरीं भुलाबाई बसेल तेव्हां सगळींच गाणीं लिहूं असा मोठा संकल्प करूं नये. तो तडीस जात नाहीं. एकच गाणें घ्यावें. माथ्यावर गाणारीचें नांव, गांव, तिथि, पद्धति व षड्ज लिहावा, कोमल स्वराखालीं खरी रेघ द्यावी, पीडीएफ करावी, एक प्रत छापून देवघराच्या कपाटांत ठेवावी. दुसरें गाणें मग आजी आपण होऊनच सांगतील.